पाळणा कोणासाठी?

मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून घरी आलो, तर आमचा भाचा आणि सूनबाई दारात हजर. जयभीम झाला, चहा झाला. भाचा एमआयडीसीत फिटर, सूनबाई अंगणवाडीत मदतनीस. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. नातेवाइकांनी सारा दोष सूनबाईच्या पदरात टाकलेला. खरे म्हणजे गेल्या वर्षी भाच्याने स्वतःची तपासणी करून घेतली, तेव्हा कमतरता त्याच्यात निघाली. आमच्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हे अजून ठाऊक नाही. दवाखान्यातले पुढचे उपचार खिशाला झेपणारे नाहीत.

भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामा, एका ठिकाणी बाळ मिळतंय. साठ हजार मागतात. जन्माच्या दाखल्यावर आमचंच नाव लावून देतो म्हणतात."

आम्ही स्पष्ट सांगितले, एक रुपया देऊ नका. ते बाळ एखाद्या गरीब आईला फसवून आणलेले नसेल कशावरून? मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे.

सरळ रस्ता मोकळा आहे. केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेकडे ऑनलाइन नाव नोंदवायचे. दोघांची संमती हवी. लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत. दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांखालचे मूल मिळू शकते. वय वाढले तर मोठे मूल. थांबावे मात्र लागते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

सूनबाईने हळूच विचारले, "मामा, मुलगी घेतली तर चालेल?"

का नाही चालणार? पूर्वी दत्तक म्हणजे मुलगाच, कारण पिंड द्यायला कोणी हवा. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात दत्तकाचा विषय होता. पुढे १९५६ मध्ये त्याचा वेगळा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट खुली केली आणि पत्नीची संमती आवश्यक ठरवली. आपल्याला तर पिंडाची गरजच नाही. मग मूल हवे ते कशासाठी, हे दोघांनी आधी एकमेकांना विचारावे. लोकांची तोंडे बंद करायला हवे असेल, तर थांबावे. दोघांचाच संसारही पुरा संसार असतो.

भाचा म्हणाला, "मामा, आईला तुम्हीच सांगा ना." आम्ही नकार दिला. नऊ वर्षे बोलणी सूनबाईने खाल्ली, तेव्हा खरे सांगणे नवऱ्याचे काम. शिवाय दत्तकाआधी समाजसेविका घरी येऊन चौकशी करते. घरातली आजीच नाराज असेल, तर येणाऱ्या लेकराने कोणाच्या मांडीवर बसावे?

बुधवारी भाच्याचा फोन आला. आईला सांगितले म्हणाला. ताई रात्रभर कोणाशी बोलली नाही. सकाळी सूनबाई उठली, तो तिचा डबा भरून तयार होता. निर्णय अजून व्हायचा आहे. साठ हजारांचा विषय मात्र संपला.

वाचकहो, तुमच्या घरात अशी कोणी सूनबाई असेल, तर पुढच्या वेळी तिला "गोड बातमी कधी?" विचारण्याआधी जरा थांबा.