हिमालयाची गाडी व बालाघाटचे रस्ते

धाराशिव जिल्ह्यांतील रस्त्यांवर हल्लीं उंच बांध्याच्या, पुढचें चाक मोठें असलेल्या व दूरच्या खडतर प्रवासासाठीं मुद्दाम घडविलेल्या मोटारसायकली दिसूं लागल्या आहेत. वरच्या वर्गांतील मुलें त्यांचीं नांवें व मापें इतिहासाच्या सनावळीपेक्षां अधिक बिनचूक सांगतात. सोयाबीनचे पैसे हातीं आले कीं घरांत हट्ट सुरू होतो, आणि मग पालक आम्हांस विचारतात, "सर, अशी गाडी घेऊन द्यावी काय ?" या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द.

रॉयल एन्फील्ड कंपनीनें २०१६ सालीं 'हिमालयन' ही ४११ सी.सी.ची गाडी बाजारांत आणली. २०२३ च्या अखेरीस तिची जागा ४५२ सी.सी.च्या नव्या गाडीनें घेतली. २०२० सालीं आलेली के.टी.एम.ची '३९० ॲडव्हेंचर' ही तर आपल्याच राज्यांत, चाकण येथील बजाजच्या कारखान्यांतून बाहेर पडली. नांवांत हिमालय असला, तरी मालकाचे दिवस घर, शेत, बाजार व नोकरी यांच्या फेऱ्यांतच जातात. तेव्हां गाडीची पारख जाहिरातींतील बर्फावरून न करतां तिच्या रोजच्या वागणुकीवरून करावी, असें आमचें मत आहे.

आमच्या दारीं अशी ४११ सी.सी.ची गाडी असल्यामुळें तिचे गुणदोष आम्हांस परिचित आहेत. प्रथम गुण पाहूं. आपली काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्यामुळें तिच्यावरील गांवरस्ते लवकर खचतात. अशा रस्त्यांवर एकवीस इंची पुढचें चाक व जमिनीपासून २२० मिलिमीटरची उंची यांचा खरा उपयोग होतो. खड्ड्यांतून जातांना पाठीस हिसका बसत नाहीं. इंजिन मंद गतींतही ओढ धरतें, म्हणून बैलगाडीमागून चालतांनाही तें कुरकुरत नाहीं. पेट्रोलची टांकी पंधरा लिटरची. एकदां भरली कीं पंपाची आठवण लवकर होत नाहीं.

आतां दोष. वजन जवळजवळ दोनशे किलो. नवरात्रांत तुळजापुराकडे पायीं निघालेल्या भाविकांच्या गर्दीजवळ, उंच आसनावरून पाय जेमतेम जमिनीस टेकत असतां हें ओझें तोलणें म्हणजे परीक्षाच. लुगडें नेसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रीस मागें चढून बसणें फारच अवघड. दर पांचशे किलोमीटरांस साखळी पुसून तेल द्यावें लागतें. पावसाळ्यांत तर त्याहूनही लवकर. टायर महाग. एखादा सुटा भाग गांवांत न मिळाल्यास गाडी कित्येक दिवस उभी राहते, आणि मालकास एस.टी.ची वाट धरावी लागते.

यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, ज्या घरांत एकच वाहन परवडतें त्या घरानें शंभर-सव्वाशे सी.सी.ची साधी गाडी घ्यावी. शेताचें, दवाखान्याचें व बाजाराचें काम ती निमूटपणें करते. कर्ज काढून मुलाचा हट्ट पुरविणें हें तर प्रेमही नव्हे. मोठी गाडी त्यानें घ्यावी, ज्यानें पैसा स्वतः मिळविला आहे आणि ज्याला साखळीचें काळें तेल हातांस लागल्याची लाज वाटत नाहीं.

आणि घेतलीच, तर आधीं आपला जिल्हा पाहावा. नळदुर्गास बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटांत १६१३ सालीं बांधलेला पाणीमहाल आहे. नदी भरून वाहूं लागली कीं पाणी महालावरून खालीं कोसळतें. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशीं व्यापार करणाऱ्या त्या नगरीचे अवशेष तेथील लामतुरे संग्रहालयांत आहेत. परंड्याचा किल्ला आहे, येडशीचें रामलिंग अरण्य आहे. हें सारें न पाहतां लडाखचीं स्वप्नें पाहणारा अंगणांतली विहीर सोडून दूर पाण्यास जातो.

पालकांनीं कायदाही ध्यानांत ठेवावा. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून अपराध केल्यास पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु कायद्याहून कठोर आपला रस्ता आहे. गळिताच्या हंगामांत रात्रीं मागच्या दिव्यावांचून उभी असलेली उसाची ट्रॉली कोणाचें वय विचारीत नाहीं. म्हणून शिरस्त्राण घालावें, त्याचा पट्टा आवळावा, आणि अंधार पडण्यापूर्वीं घरीं यावें.

विद्यार्थिमित्रांनो, शुभवर्तमान आपणांस विश्वासू कारभारी होण्यास शिकवितें. आपल्या हातीं आलेली वस्तु, मग ती सायकल असो वा मोटारसायकल, जपून व दुसऱ्याच्या उपयोगासाठीं वापरावयाची असते. आज तुमच्यापाशीं जी सायकल आहे, तिची साखळी तुम्हीं शेवटीं केव्हां पुसली ? या प्रश्नाचें उत्तर ज्यास न अडखळतां देतां येईल, त्याच्या हातीं पुढें मोठी गाडी देण्यास आमची हरकत नाहीं.