हेलिकॉप्टरचे भाडे कोणी भरायचे?

दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी या दोन्ही नेपाळातील पदभ्रमणाच्या हंगामाशी नेमक्या जुळतात. त्यामुळे लुक्ला ते एव्हरेस्टचा पायथा या वाटेवर मराठी बोलणे कानी पडणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. १९९८ साली पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले, २०१२ साली पुण्याच्याच 'गिरिप्रेमी' संस्थेची नागरी मोहीम शिखरावर पोहोचली, आणि तेव्हापासून निदान पायथ्यापर्यंत तरी जाऊन यावे ही हौस शिक्षक, कारकून, बँकेतील नोकर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यात पसरत गेली. ही हौस चांगलीच आहे. मात्र निघण्यापूर्वी बूट, लोकरीचे मोजे आणि सुका मेवा यांची जेवढी चर्चा होते तिच्या दशांशानेही एका प्रश्नाची होत नाही. वाटेत कोणी गंभीर आजारी पडले, तर त्याला खाली कोण आणणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

आफ्रिकेत शिकारीला जाणारा युरोपीय वा अमेरिकन धनिक हा प्रश्न घर सोडण्याआधीच सोडवतो. रुग्णाला रानातून विमानाने उचलून आणणारी 'फ्लाइंग डॉक्टर्स' ही सेवा नैरोबीहून १९५७ पासून चालू आहे आणि तिची तात्पुरती वर्गणी प्रवाशालाही भरता येते. आपल्याकडे शिकार १९७२ चा कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनी संपली, ते योग्यच झाले. पण त्या शिकाऱ्याचा एक हिशेब आपण उचलण्यासारखा आहे. तो असा की, रुग्णालयाच्या बिलापेक्षा रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचे बिल मोठे असू शकते.

आपला ट्रेकर सह्याद्रीत तयार झालेला असतो. कळसूबाई १६४६ मीटर, तर एव्हरेस्टचा पायथा ५३६४ मीटर. तेथे हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मा भरतो. रतनगड, हरिश्चंद्रगड अनेकदा पालथे घातलेल्याच्या पायांत बळ असेल, पण उंचीचा आजार पायांचे बळ पाहून येत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे येथून सुरुवात होते. पुढे फुप्फुसांत पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग प्रश्न तासांचा असतो. त्यावर पहिला आणि खात्रीचा उपचार एकच, तो म्हणजे खाली उतरणे. म्हणूनच ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. नामचे बाजार आणि डिंगबोचे येथील जादा मुक्काम त्यासाठीच असतात. सुट्टी अपुरी पडते म्हणून हेच मुक्काम कापणारी सहल स्वस्त असली तरी ती घेऊ नये. कोणताही विमा त्या कापलेल्या दिवसाची भरपाई करीत नाही.

एवढे पाळूनही काही जण आजारी पडतातच. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनने १९७३ पासून फेरिचे येथे हंगामात दवाखाना चालवला आहे; खुंडे येथे हिलरी यांच्या प्रयत्नाने १९६६ साली उभे राहिलेले रुग्णालय आहे. त्याच्या पलीकडे काठमांडू. मोटारीचा रस्ता नाही. चालता येत असेल तर चालत, नसेल तर घोड्यावर वा माणसाच्या पाठीवर, आणि तेही जमत नसेल तर हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर उडते ते दिवसा आणि आभाळ मोकळे असेल तर. त्याचे भाडे काही हजार डॉलरच्या घरात जाते, आणि पैशाची हमी मिळाल्याखेरीज ते सहसा जागचे हलत नाही. ही हमी विमा कंपनीने दिली नाही, तर नाशकात किंवा कोल्हापुरात बसलेल्या घरच्यांनी रातोरात उभी करायची असते. लाखांच्या घरातली ही रक्कम शिक्षकाच्या संसाराला किती वर्षे मागे नेईल, हे ज्याचे त्याने मोजावे.

तेव्हा विमा घ्यावा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर 'घ्यावा' असेच आहे. सहलीच्या एकूण खर्चात हप्ता हा लहानसा भाग असतो. पण 'विमा आहे' एवढ्यावर समाधान मानणारा माणूस विमा नसलेल्यापेक्षाही फसतो, कारण तो निश्चिंत असतो. घरी आहे ती मेडिक्लेम पॉलिसी सामान्यतः भारतातील उपचारांपुरती असते, आणि नेपाळला जायला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते, म्हणून तो परदेश नव्हे अशी आपली समजूत कंपनीला मान्य नसते. सहलीच्या शुल्कात 'विमा समाविष्ट' असे छापलेले असते, तो पुष्कळदा केवळ अपघाताचा विमा असतो. उंचीचा आजार हा आजार आहे, अपघात नव्हे. परदेश प्रवासाची पॉलिसी घेतली तरी तिच्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, किंवा पदभ्रमणाला मुभा असते पण अमुक मीटरपर्यंतच. ही मर्यादा ४००० मीटरवर असेल, तर ती पॉलिसी नेमकी तेथे संपते जेथे तिची गरज सुरू होते. ग्राहकाने हप्ता भरण्यापूर्वी 'माझ्या वाटेवरील सर्वांत उंच ठिकाण इतके मीटर आहे, तेथून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च या पॉलिसीत बसतो काय?' असा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

रक्तदाब, मधुमेह लपवणाऱ्यांचे काय बोलावे! हप्ता वाढेल किंवा ट्रेकला घेणार नाहीत या भीतीने अर्जात 'नाही' लिहिले जाते, आणि मग दावा फेटाळायला कंपनीला आयते कारण मिळते. दावा अन्यायाने फेटाळला असे वाटले, तर विमा लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, पण खोट्या अर्जावर लोकपाल तरी काय करणार?

दुसऱ्या बाजूचेही एक सत्य सांगितले पाहिजे. २०१८ साली नेपाळात हेलिकॉप्टर बचावाचा मोठा घोटाळा उघडकीस आला. साध्या डोकेदुखीच्या प्रवाशालाही घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचे, एकाच फेरीत अनेकांना आणून प्रत्येकाच्या विमा कंपनीकडून पूर्ण भाडे उकळायचे, आणि त्यात वाटाडे, ट्रेकिंग संस्था, हेलिकॉप्टर कंपन्या व काठमांडूतील काही रुग्णालये यांनी वाटा घ्यायचा, असा त्याचा प्रकार होता. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळसाठी विमा देणेच थांबवण्याचा इशारा दिला. विमा असला की बचावाची घाई करणारे अवतीभवती जमतात, हे यातून दिसले. म्हणून हेलिकॉप्टर बोलावण्याचा निर्णय शक्य तेथे डॉक्टरांच्या तपासणीवर व्हावा, आणि कंपनीच्या मदत केंद्राला आधी दूरध्वनी करावा. ही पूर्वसंमती नसेल तर खर्च नाकारला जाऊ शकतो. तो क्रमांक फक्त आजारी पडणाऱ्याच्या खिशात असून भागत नाही, तो बरोबरच्या दोघांकडे आणि घरीही हवा. मेंदूला सूज आलेल्या माणसाला स्वतःचे नाव धड सांगता येत नाही, तो पॉलिसीचा क्रमांक कोठून सांगणार?

या साऱ्याचा भार एकट्या प्रवाशावर टाकणेही बरोबर नाही. पुण्या-मुंबईतील सहल-आयोजकांनी पॉलिसीची प्रत पैसे घेण्यापूर्वी दाखवावी, नंतर नव्हे. विमा कंपन्यांनी उंचीची मर्यादा बारीक अक्षरांतल्या इंग्रजी कलमांत न दडवता पहिल्याच पानावर आकड्यांत छापावी, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पॉलिसीत ती मराठीतही असावी. त्यासाठी संशोधन लागत नाही, इच्छा लागते.

आणखी एक प्रश्न आयोजकाला विचारावा, जो आपल्या मंडळींना सहसा सुचत नाही. आपली पाठपिशवी वाहणारा हमाल आजारी पडला तर त्याला खाली कोण आणणार? उंचीचा आजार त्यालाही होतो. पुष्कळ हमाल खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात, शेर्पांसारखी त्यांना जन्मापासून उंचीची सवय नसते. त्याचा विमा उतरवलेला आहे काय, किती रकमेचा आहे आणि त्यात हेलिकॉप्टर बसते काय, याचे उत्तर जो आयोजक अडखळत देतो, तो आपल्या पॉलिसीबद्दल जे काही सांगतो तेही पुन्हा एकदा तपासून घ्यावे.