नव्याण्णव मेंढरांना कोण सांभाळत होते?

वसईतील एका धर्मग्रामात बालवर्गाला धर्मशिक्षण देण्याचे काम मी गेली सतरा वर्षे करीत आले आहे. रविवारी मिस्सा सुटली, की चर्चच्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी हमखास विचारते, "टीचर, आज तुमची पोरे काय म्हणाली?" आणि मीही हौसेने सांगते. 'नमो मारिया' म्हणताना 'उदरीचे फळ' या शब्दांपाशी थबकून एका मुलीने विचारले होते, "टीचर, उंदराचे फळ कसले असते?" ही कथा आसपासची चार-पाच धर्मग्रामे फिरून पुन्हा मलाच कोणीतरी नवी म्हणून ऐकवली!

हसण्याला माझी हरकत नाही. पण त्या मुलीच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ होते. दोन वर्षे ती रोज उंदरांविषयी काहीतरी म्हणत होती आणि घरातल्या एकाही वडीलधाऱ्याच्या ते लक्षात आले नव्हते. ती घरी सामवेदी बोलते, शाळेत इंग्रजी. आपल्या प्रार्थनेची ग्रांथिक मराठी ही तिची तिसरी भाषा. 'उदर' म्हणजे पोट, आणि आईच्या पोटात बाळ असते, एवढे सांगायला मला अर्धा मिनिट लागला. तिला ते फार आवडले. मग हा अर्धा मिनिट दोन वर्षांत कोणालाच का मिळाला नाही?

आमचा वर्ग कसा भरतो ते एकदा येऊन पाहावे. चर्चच्या मागचा व्हरांडा, चाळीस मुले, एक फळा. सकाळची मिस्सा उपाशीपोटी झालेली. एकाला शू लागली, की चाळिसांना लागते, हा निसर्गनियम मी सतरा वर्षे अनुभवीत आहे. आणि या व्हरांड्यावर आपण कोणाला पाठवतो? परवापरवा दृढीकरण झालेल्या, अकरावी-बारावीतल्या एखाद्या मुलीला. तिच्या हाती प्रश्नोत्तरांची पुस्तिका देतो आणि "लहानच तर आहेत, सांभाळून घे," असे म्हणतो. मोठ्या वर्गांना सेमिनरीतले ब्रदर, अनुभवी सिस्टर. लहानांना जो उरेल तो! सणाच्या बँडसाठी आणि मंडपासाठी वर्गणी जमवताना आपल्याला कधी अडचण पडत नाही, पण चित्रांचा एक संच मागितला, तर पुढच्या सभेत पाहू, असे उत्तर मिळते.

आता ज्या मुलासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे वळते. तो सहा वर्षांचा असताना मी वर्गात हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाला शोधायला निघाला, येथवर आले आणि हा उभा राहिला. "मग नव्याण्णवांना कोण सांभाळत होते? आमचे आजोबा आधी बाकीच्या शेळ्यांना गोठ्यात कोंडतात आणि मग हरवलेलीला शोधायला जातात." वर्ग हसला. मदतीला आलेली मुलगी म्हणाली, "गप्प बस, गोष्ट पुढे ऐक."

वाचकहो, लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय काढून पाहा. 'तुमच्यापैकी असा कोण आहे' अशा अर्थाने प्रभू तेथे विचारतो. शेळ्या पाळणारा कोणताही शहाणा माणूस उत्तर देईल, "मी तर नाही बुवा!" देवाचे प्रेम आपल्या व्यवहारात बसत नाही, हे त्या गोष्टीतले खरे नवल आहे आणि माझ्या वर्गात ते एकट्या त्या मुलाला खटकले. आम्ही बाकीचे गोष्ट इतकी ऐकून बसलो होतो, की तिच्यात काही विचारण्यासारखे आहे हेच विसरलो होतो.

हाच मुलगा पुढे तिसरीत प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या परीक्षेत नापास झाला. होय, नापास! पन्नास प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक त्याला शब्दशः आले नाहीत. त्याला एक वर्ष मागे ठेवण्यात आले. त्याच्या आईने शिवायला टाकलेला पांढरा शर्ट परत आणला. निर्णय कोणाचा होता हे मी लिहिणार नाही, कारण प्रश्न एका व्यक्तीचा नाही. तो मुलगा व्हरांड्यात भेटला, तेव्हा मी सहज विचारले, "पाववाल्याच्या पावात आणि वेदीवरच्या भाकरीत काय फरक?" तो म्हणाला, "तो पाव विकत मिळतो. हा विकत मिळत नाही, येशू स्वतःच देतो आणि तो येशूच असतो."

आता कायदा पाहू. पोप दहावे पायस यांच्या संमतीने ८ ऑगस्ट १९१० रोजी 'क्वाम सिंगुलारी' हा आदेश निघाला. सुमारे सातवे वर्ष हे समजेचे वय मानावे, पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी धर्मतत्त्वांचे पूर्ण ज्ञान आवश्यक नाही आणि ही भाकर साधी भाकर नव्हे एवढा भेद मुलाला आपल्या कुवतीप्रमाणे कळला म्हणजे पुरे, असे त्यात स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९१३ वे कलमही मुलाच्या कुवतीचीच भाषा बोलते. मग आमची पन्नास प्रश्नांची चाळण कोणत्या आदेशाने आली? शंभर वर्षांपूर्वी पोपने जे दार उघडले, त्यापुढे आम्ही पुन्हा कडी घालून बसलो आहोत.

यावर मला ऐकवले जाते, की पाठांतर सोडले तर मुलांना काहीच उरणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९७९ च्या 'कातेकेसी त्रादेंदे' या पत्रात पाठांतराची बाजू घेतली आहे. माझ्या आजीला अखेरच्या दुखण्यात माणसे ओळखू येईनात, पण प्रार्थना आठवत होत्या. लहानपणी पाठ केलेले तेव्हा उपयोगी पडले. म्हणून मीही पाठ करून घेते. पण आधी उदर म्हणजे काय ते सांगते आणि जे पाठ झाले नाही त्यासाठी कोणाला प्रभूच्या मेजावरून उठवीत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा दाखला हवा असेल, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचा घ्या. मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचलेली त्यांची कोकणी 'दौत्रीन' १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पण त्याआधी, १६१६ मध्ये, त्यांनी 'क्रिस्तपुराण' दिले होते. दौत्रीन आहे, पण आम्हाला पुराण नाही, ही नवख्रिस्ती श्रोत्याची तक्रार त्यांनी ऐकून घेतली आणि हजारो ओव्या लिहिल्या! त्या पाद्रीसाहेबांनी प्रश्नोत्तरेही दिली आणि गोष्टही दिली. आपण चिमुकली दौत्रीन हाती धरली आणि पुराण कपाटात ठेवले.

मुलाला ऐकून घेण्याची विद्या शोधायला आपल्याला दूरही जावे लागत नाही. आज वसई धर्मप्रांताच्या हद्दीत येणाऱ्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, ती मारिया माँटेसरींच्या विचारांना या मातीचे रूप देऊन. स्वतः माँटेसरी कॅथोलिक होत्या. त्यांच्याच वाटेने सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ पासून रोममध्ये लहानग्यांच्या हाती लाकडी मेंढरे आणि मेंढपाळ देऊन धर्मशिक्षण केले. आमच्या किती शिक्षकांना यातले काही सांगितले गेले आहे?

माझे मागणे एवढेच, की बालवर्ग सर्वांत अनुभवी माणसाकडे द्यावा, नव्या मुलींना त्यांच्या शेजारी दोन वर्षे बसू द्यावे आणि ही परीक्षा बंद करावी. फादरांनी महिन्यातून एकदा व्हरांड्यात येऊन जमिनीवर बसावे. खुर्ची मिळणार नाही.

त्या मुलाला पुढच्या वर्षी ख्रिस्तप्रसाद मिळाला. शर्ट आखूड झाला होता, म्हणून आईने बाह्या सोडून घेतल्या होत्या. पन्नासही उत्तरे त्याला आता घडाघडा येत होती. समारंभानंतर मी त्याला मेंढरांच्या गोष्टीची आठवण करून दिली आणि विचारले, "मग, कोण सांभाळत होते रे नव्याण्णवांना?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "टीचर, हा प्रश्न पुस्तकात नाही."