आयडलिंग पडलं की स्क्रू पिळायचा?

एकदा आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून या. कुणाचा सायलेन्सर बदललेला, कुणाचा फिल्टर काढलेला, कुणी विमानतळाला पुरतील एवढे दिवे लावलेले. 'मॉडिफाय केलीय' हे सांगताना चेहरा असा, की जणू पेटंटच मिळालंय! मीही त्यातलाच होतो. गेल्या पावसाळ्यात माझं मत बदललं. का, ते सांगतो.

माझी ताई मोखाडा तालुक्यात दिलेली. दाजींकडे एक जुनी जिप्सी आहे, १३०० सीसी, एमपीएफआय. गाडी त्यांची, पण पाड्यावर कुणाला साप चावला, कुणाचे दिवस भरले, की रात्री-अपरात्री दार वाजतं ते दाजींचंच. मग जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि तिथून पुढे पाठवलं तर तोरंगण घाटाने नाशिक.

दाजींनी हौसेने गाडी शहरात नेऊन सजवली. मोठे टायर, उघडा कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि पुढे १०० वॅटचे चार दिवे. एकदम झकास! पण महिन्या-दोन महिन्यांत आयडलिंग पडायला लागलं. ८००-९०० आरपीएमला राहणारं इंजिन ५००ला थरथरायचं, क्लच दाबला की बंद. एका मिस्त्रींनी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळून दिला. चार दिवस बरं वाटलं. मग गरम झालं की १५०० आणि दिवे लावले की पुन्हा धाडकन खाली.

श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. जव्हारच्या वाटेवर, उतारावरच्या वळणाला दाजींनी क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं! ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, हे आपण पेपरात लिहितो. दाजींना ते रात्री अकरा वाजता, भर पावसात कळलं. त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी धक्क्याने सुरू झाली, वहिनी वेळेत पोचल्या. मुलगी झाली. पण नाही पोचल्या असत्या तर?

दिवाळीच्या सुट्टीत ताई म्हणाली, "एवढं शिकतोस, मग बघ की काय झालंय!" इज्जत का सवाल. तोपर्यंत गावात निदानांचा पाऊस पडला होता. कुणी म्हणे टायर मोठे, लोड येतो. अहो, गाडी न्यूट्रलला उभी असताना टायर फिरतात कुठे? कुणी म्हणे डोंगरावरची हवा विरळ. जव्हार साधारण ४५० मीटर उंचीवर, म्हणजे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाचेक टक्के कमी. तेवढा फरक ईसीयू सहज सांभाळतो, आणि सजवण्याआधी हीच गाडी याच डोंगरात नीट चालत होती. कुणी म्हणे कुठून तरी हवा चोरते. पण हे इंजिन मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतं. चोरून हवा शिरली तर त्यात आयडलिंग बहुधा वाढतं, पडत नाही.

मग उरलं काय? नळी काढून बघितली, तर थ्रॉटल बॉडीत काळा-लाल चिखल. कोन फिल्टर बसवताना ब्रीदरची नळी कशीबशी त्याच्या तोंडाशी खोचलेली. तिथून तेलाची वाफ, फिल्टरमधून रस्त्याची लाल धूळ. दोन्हींचा लगदा होऊन आयडलिंगच्या हवेची वाटच बुजलेली.

दुसरं निदान मल्टिमीटरने केलं. दिवे बंद असताना बॅटरीवर जवळजवळ १४ व्होल्ट, चारही लावले की १२च्याही खाली. साधा हिशोब बघा : ४०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ३३ अँपिअर. कमी आरपीएमला आल्टरनेटर एवढं देऊ शकत नाही, आणि देण्याच्या धडपडीत इंजिनलाच ओढतो. कंपनीच्या वायरिंगमध्ये बऱ्याच गाड्यांत हेडलाइट लागले की ईसीयूला निरोप जातो, 'लोड आलाय, हवा वाढव.' हे दिवे थेट बॅटरीला जोडलेले, निरोप देणार कोण?

आणि तो पिळलेला स्क्रू? त्याने थ्रॉटल पूर्ण मिटेनासा झाला. पाय उचललाय हे ईसीयूला कळेना, म्हणून त्याने आयडलिंगचा ताबाच सोडला होता. म्हणजे औषधाने दुसरा आजार!

थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ केला, स्क्रू जागेवर आणला, जुना फिल्टरचा डबा माळ्यावरून काढून बसवला, दोन दिवे उतरवले, उरलेल्या दोघांना रिले आणि जाड अर्थिंग दिलं. एक दिवस गेला. आयडलिंग ८५०, दिवे लावूनही बंद पडेना. एकही पार्ट नवा लागला नाही.

आता माझं मत. मॉडिफिकेशन करू नका असं मी म्हणत नाही. कायद्याने काय चालतं ते मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ मध्ये आहे, आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच : आपण जे बदललं त्याने आणखी काय काय बदललं? हा प्रश्न न विचारता पाना हातात घेणं म्हणजे इंजिनीअरिंग नव्हे, नुसती हौस. आणि लक्षण दाबून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मिस्त्रींना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गाडी नुसती ऐकून ते म्हणाले होते, "इंजिनचा श्वास कोंडलाय." कान शंभर टक्के बरोबर होता! त्यांच्याकडे नव्हतं ते मीटर आणि सर्किटचा कागद. आपल्या लॅबमध्ये दोन्ही आहेत, जर्नलवर सही झाली की कपाटात जातात.

म्हणून सरांना एक विनंती. एन.एस.एस.च्या शिबिरात आपण झाडं लावतो, जरूर लावू. पण पावसाळ्याआधी दोन दिवस ऑटोमोबाइल लॅबच जव्हार-मोखाड्याला नेली तर? पाड्यापाड्यावरच्या जीप, जिप्सी, इको तपासू. मिस्त्री लोक आपल्याला ऐकायला शिकवतील, आपण त्यांना मोजायला शिकवू. तिथे रात्री दार वाजल्यावर जी गाडी निघते, तीच खरी ॲम्ब्युलन्स असते. ती वळणावर बंद पडता कामा नये.

दाजी मात्र अजून रुसलेत. म्हणतात, "दोन दिवे कमी केलेस रे, गाडीची शान गेली!"

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)