एक राष्ट्र, एक वर्गणी. मग श्रीगोंदा कुठल्या राष्ट्रात?

केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी तब्बल 6,000 कोटी रुपये. या पैशातून 30 मोठ्या प्रकाशकांच्या सुमारे 13,000 शोधपत्रिका देशातल्या 6,300 हून अधिक संस्थांना वाचायला मिळणार. खेड्यापाड्यातल्या विद्यार्थ्यांपर्यंत जगाचे ज्ञान पोहोचले, अशी जाहिरात झाली. आम्ही श्रीगोंद्यातून एकच प्रश्न विचारतो : या ‘एक राष्ट्रा’त आमचा तालुका येतो का?

योजनेची अट वाचा. केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, एवढ्यांनाच पहिल्या टप्प्यात प्रवेश. श्रीगोंद्यातली पदवी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत, पण ती काढली आणि चालवली शिक्षण संस्थांनी. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचा पगार सरकार देते, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, शिष्यवृत्ती समाजकल्याण खाते देते. तरी दारावर पाटी संस्थेची, म्हणून ते ‘खासगी’! देशातल्या दर चार महाविद्यालयांपैकी तीनहून अधिक खासगी व्यवस्थापनाची आहेत. ती सगळी रांगेत मागे उभी.

महाराष्ट्रात हे असे का झाले, हेही लक्षात घ्या. ग्रामीण भागात शिक्षण सरकारने नेले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, त्या पाऊलवाटेवर तालुक्यातालुक्यात संस्था उभ्या राहिल्या. सरकारने जे काम केले नाही ते बहुजन समाजाने वर्गणी काढून केले. आता सरकार म्हणते, तुमचे महाविद्यालय आमचे नाही, म्हणून ही वर्गणीही तुमच्यासाठी नाही.

यातला अन्याय कसा होतो ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. दोन अनुसूचित जातीचे संशोधक घ्या. दोघांनाही बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, तीही आझाद मैदानावर बसून झगडून मिळवलेली. एक पुण्यात विद्यापीठाच्या विभागात काम करतो, दुसरा त्याच विद्यापीठाच्या, पण तालुक्यातल्या खासगी व्यवस्थापनाच्या संशोधन केंद्रात. विद्यापीठ एक, पदवी एक, अधिछात्रवृत्ती एक. पहिल्याला शोधनिबंध एका क्लिकवर उघडतो. दुसऱ्याला स्क्रीनवर किंमत दिसते : तीस-चाळीस डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. एका निबंधाचे!

तीन हजार म्हणजे किती, हे आमच्या भागाच्या हिशोबाने सांगतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाल्यानंतर ऊसतोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. म्हणजे एक निबंध वाचायला आठ टन ऊस तोडा. आणि तो निबंध कशावर असतो? बऱ्याचदा ऊसतोड मजुरांवरच. अभ्यासक फडावर येतात, कोपीत बसतात, बायांना त्यांच्या आजारपणाविषयी विचारतात. कुकडीच्या कालव्याचे पाणी शेवटच्या गावापर्यंत का पोहोचत नाही, यावर आकडे गोळा करतात. सोनई, खर्डा, जवखेडा ही नावे तर देशभरच्या अभ्यासात गेली. माहिती आमच्या वस्तीतून जाते, दुःखही आमचेच असते. छापून आल्यावर मात्र त्याला कुलूप लागते आणि किल्ली परदेशातल्या कंपनीकडे राहते. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचून ‘हे खरे नाही’ म्हणण्याचीसुद्धा सोय नाही.

ही कंपनी असे कोणते मोठे कष्ट करते? संशोधनाचा पैसा बहुतांशी जनतेचा. लिहिणारा प्राध्यापक, त्याला प्रकाशक छदाम देत नाही. निबंध तपासून देणारे तज्ज्ञ फुकट तपासतात. वर लेखकाकडून स्वामित्व हक्क लिहून घेतले जातात आणि तोच निबंध त्याच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकला जातो. एल्सव्हिअरची मालक असलेली रेलेक्स कंपनी आपल्या वैज्ञानिक प्रकाशन विभागात शंभर रुपयांच्या विक्रीमागे पस्तीसहून अधिक रुपये नफा दाखवते. शेत आमचे, बी आमचे, राबणारे आम्ही आणि खळ्यावर बसलेला वेगळाच! महात्मा फुल्यांच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था ओळखायला वेळ लागला नसता.

यावर उपाय म्हणून दुसरा दरवाजा दाखवतात : वाचकाने नाही, लेखकाने पैसे भरावेत. ‘नेचर’ने 2021 पासून एका निबंधासाठी 9,500 युरो शुल्क ठेवले, तेव्हाच्या दराने आठ लाखांहून अधिक. श्रीगोंद्याच्या संशोधकाला हा दरवाजा पहिल्यापेक्षाही जास्त बंद. त्याच्यासाठी मग उरतो बोगस शोधपत्रिकांचा बाजार. हजार-दोन हजार भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणुका आणि बढत्या निबंधांच्या मोजणीवर टांगल्या, पीएच.डी.साठी निबंध सक्तीचा केला आणि हा बाजार फोफावला. आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या 1,009 शोधपत्रिका पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक निकषाला उतरल्या नाहीत. हा अभ्यास 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 शोधपत्रिका यादीतून काढल्या. पुढे ‘केअर’ यादी आली, 2025 मध्ये तीही गुंडाळली. याद्या आल्या आणि गेल्या. त्यात ज्यांचे पैसे आणि वर्षे गेली ते बहुतेक पहिल्या पिढीचे पदवीधर होते. चांगली शोधपत्रिका कोणती, हे सांगणारा काका-मामा त्यांच्या घरात नव्हता.

‘करंट सायन्स’चे नाव मुद्दाम घेतले. बंगळूरुहून निघणारी ही शोधपत्रिका कोणीही फुकट वाचू शकतो. म्हणजे दर्जा राखून ज्ञान खुले ठेवता येते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. ‘शोधगंगा’वर पाच लाखांहून अधिक प्रबंध आज कोणालाही उघडता येतात. प्रबंध खुले झाल्याने कोणते विद्यापीठ बुडाले?

छपाईच्या पैशाने ज्ञान कसे अडते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. कोलंबिया विद्यापीठात प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे. त्यांचे प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे पुस्तक छापून निघाले 1925 साली, पदवी हाती आली 1927 साली. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातला मजकूर वगळायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला, संमेलनच रद्द झाले. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने 1,500 प्रती छापून लोकांपुढे ठेवले. दोन महिन्यांत प्रती संपल्या, भाषांतरे सुरू झाली. ‘जातिनिर्मूलन’ एखाद्या कुलूपबंद शोधपत्रिकेत पडले असते, तर वस्तीवस्तीत पोहोचले असते का?

काही जण म्हणतील, हे निबंध इंग्रजीत, तालुक्यात वाचणार कोण? ‘जातिनिर्मूलन’ही इंग्रजीतच होते. मजकूर हाती आला की भाषांतर करणारा उभा राहतो. हाती येण्याआधीच त्याची लायकी काढू नका. वेद ऐकायचा अधिकार नाकारणाऱ्यांनीही ‘तुम्हाला कळणार नाही’ हेच कारण दिले होते.

काही जण चोरीचा मुद्दा काढतील. दिल्ली उच्च न्यायालयाने 19 ऑगस्ट 2025 रोजी ‘साय-हब’ हे संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला. आम्ही संविधान मानणारे आहोत, बेकायदा मार्ग दाखवत नाही. पण त्याच न्यायालयाने 2016 साली रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांचा दावा फेटाळला होता आणि अभ्यासासाठी पुस्तकातली प्रकरणे झेरॉक्स करून देणे कायद्यात बसते असे सांगितले होते. म्हणजे विद्यार्थ्याची गरज कायद्याला परकी नाही. मागचे दार बंद करणाऱ्या सरकारने पुढचे दार उघडण्याची जबाबदारी घ्यावी.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अनुदानित महाविद्यालये आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे यांना या योजनेत ताबडतोब घ्या. 2027 अखेर मुदत संपेपर्यंत वाट पाहायला लावू नका. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका संगणकावर तरी हे वाचन खुले करा, कारण वाचणारा प्रत्येक माणूस महाविद्यालयात नसतो. जनतेच्या पैशातून झालेल्या प्रत्येक संशोधनाची प्रत ‘शोधगंगा’प्रमाणे खुल्या भांडारात ठेवण्याची सक्ती करा. ज्या गावावर, ज्या वस्तीवर अभ्यास झाला, तिथे मराठीत त्याचा सारांश द्या. आणि 6,000 कोटींतला मोठा वाटा परदेशी वर्गणीऐवजी आपल्या खुल्या शोधपत्रिका उभ्या करण्याकडे वळवा.

आमच्या प्राध्यापकांनीही एक काम करावे. बरेच प्रकाशक निबंधाची अंतिम मसुदा-प्रत काही अटींवर खुल्या भांडारात ठेवू देतात. त्या अटी वाचा आणि प्रत ठेवा. ‘शिका’ हा बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द. शिकण्याचे साधनच कुलूपबंद असेल, तर ‘संघटित व्हा’ आणि ‘संघर्ष करा’ हे दोन शब्द या कुलुपासाठीही आहेत.

जय भीम!