भाच्याचा ट्रक

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला असतो. चांगली नोकरी सोडून त्यानं घरांच्या आवारातली खोदाई आणि पाइपलाइनची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. साठवलेला सगळा पैसा त्यात घातलाय, म्हणून त्याच्या आईला इकडे झोप नाही. "मामा, पिकअप ट्रक घ्यायचाय. फोर्ड घेऊ, शेवरोले की रॅम?"

आमचा जन्म पुना-बेंगलोर रोडवरच्या बुकिंग ऑफिसात गेला. मी म्हटलं, "अरे, कंपनी नंतर बघू. आधी पासिंग किती टनाचं ते सांग."

ते त्याला ठाऊक नव्हतं. मग चार रात्री आम्ही दोघांनी मिळून हा अभ्यास केला.

वाचकहो, आपल्याकडे ट्रकच्या नावातच बरंच कळतं. टाटा १६१३ म्हणजे सोळा टन पासिंग आणि १३० अश्वशक्ती. तिकडचे आकडे तसे बोलत नाहीत. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० यांना तिथले लोक 'अर्ध्या टनाचे' म्हणतात, २५० आणि २५०० ला 'पाऊण टनाचे', ३५० आणि ३५०० ला 'एक टनाचे'. ही नावं आजोबांच्या काळातली. आजचा अर्ध्या टनाचा ट्रक त्याहून बराच जास्त माल सहज उचलतो. एफ-१५० च्या जन्माची कथा तर मजेशीर आहे. १९७५ साली सहा हजार पौंडांच्या आतल्या गाड्यांना धुराचे नवे नियम लागू झाले, ते चुकवण्यासाठी फोर्डनं थोडा जड पासिंगचा हा ट्रक काढला. कायद्यातून पळवाट म्हणून जन्मलेलं हे पोर पुढे घराण्याचं नाव काढणारं निघालं.

सरकारी हिशेब मात्र सरळ आहे. गाडी, माणसं, इंधन आणि माल मिळून जे कमाल वजन, त्यावर आठ वर्ग. पहिला सहा हजार पौंडांपर्यंत, दुसरा दहा हजारांपर्यंत, तिसरा चौदा हजारांपर्यंत. आपली टाटा ४०७ तिथे या तिसऱ्या वर्गात, म्हणजे मागे चार चाकं असलेल्या त्या ऐसपैस एफ-३५० च्या पंगतीला बसेल! आठवा वर्ग ३३ हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे साधारण पंधरा टनांपासून सुरू होतो.

वर्ग चढत जावं तसा कंपन्यांचा डौल उतरत जातो, ही मला फार गमतीची गोष्ट वाटली. फोर्ड की शेवरोले यावरून तिकडे घराघरांत वाद होतात. पण आठव्या वर्गात दोघंही नाहीत. फोर्डनं आपला अवजड ट्रकचा धंदा १९९७ साली फ्रेटलायनरला विकला. फ्रेटलायनर जर्मन डाइमलरची, बॉनेटवर बुलडॉग मिरवणारा मॅक स्वीडनच्या व्होल्वोचा, आणि इंटरनॅशनल २०२१ पासून फोक्सवॅगनच्या गोटात. मोठ्यांपैकी केनवर्थ आणि पीटरबिल्ट तेवढे अमेरिकन मालकाचे, पण त्या दोघांचा मालक एकच! शिवाय गिऱ्हाईक सांगेल तसं इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा.

रॅमच्या पाऊण टनापासूनच्या ट्रकांत कमिन्सचं डिझेल इंजिन मिळतं. ही जोडी १९८९ पासूनची, तेव्हा नाव डॉज रॅम होतं. हे कमिन्स आपल्याला परकं नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली, आणि किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान थाटलं ते आपल्या बेळगावात. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग रॅमच घेतो!" भावनेच्या भरात ट्रक घेणारे मी पुष्कळ पाहिलेत.

खरी अडचण वेगळीच होती. त्याचा जीव जडला होता एका लालचुटूक अर्ध्या टनाच्या ट्रकवर. जाहिरातीत लिहिलेलं, तेरा हजार पौंड ओढतो. खोदाईचं छोटं मशीन आणि ट्रेलर मिळून याचं ओझं दहा हजार. मग काय हरकत? हरकत अशी की ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. बैलगाडी भरताना भार मागे गेला तर ती उलाळते, पुढे आला तर बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या पाठीवर यावा लागतो, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा वळवळतो. म्हणजे हजार ते दीड हजार पौंड. त्यात तीन माणसांचे साडेपाचशे. "दार उघड आणि चौकटीवरचा कागद वाच," मी म्हटलं. त्यावर माणसं आणि माल मिळून १,५२० पौंड लिहिलं होतं. हत्यारांची पेटी अजून धरलीच नव्हती!

मग त्याचं मन दुसऱ्या टोकाला गेलं. "एक टनाचाच घेतो, मोठा ट्रेलरही घेतो." चौदा हजार पासिंगचा ट्रक आणि चौदा हजारांचा ट्रेलर, झाले अठ्ठावीस हजार. दहा हजारांहून जड ट्रेलर आणि दोन्ही मिळून २६ हजारांच्या वर पासिंग झालं, की अवजड वाहनाचा परवाना लागतो. तो त्याच्याकडे नाही, त्याच्या दोन्ही पोरांकडेही नाही.

शेवटी पाऊण टनाचा, पेट्रोल इंजिनाचा, तीन वर्षं वापरलेला ट्रक ठरला. पासिंग दहा हजार, ट्रेलर बारा हजारांचा, एकूण बावीस. गेल्या रविवारी त्यानं फोटो पाठवला तो दाराच्या चौकटीवरच्या कागदाचा: ३,०४० पौंड. त्याच्या आईला मी तो आकडा दाखवला. ती म्हणाली, रंग कोणता?

एक काम राहिलंय. सिनसिनाटीत नदी ओलांडली की केंटकी राज्य लागतं. धंद्यासाठी राज्याची सीमा ओलांडायची आणि ट्रक-ट्रेलर मिळून दहा हजार पौंडांच्या वर, म्हणजे केंद्र सरकारचा नंबर हवा, ड्रायव्हरचं डॉक्टरी सर्टिफिकेट हवं. सध्या तो ते फॉर्म भरतोय. सीमेचे कागद म्हटल्यावर, मामाला विचारल्याशिवाय सही करू नकोस, एवढं मी बजावलंय.