यंत्रजोडाऱ्याचे शिक्षण आणि आपल्या संस्थांचे कर्तव्य

उसाची तोड होऊन गाड्या कारखान्याच्या आवारात उभ्या आहेत आणि एखादे बेअरिंग तापल्यामुळे गव्हाण बंद पडली आहे, असा प्रसंग ज्याने पाहिला नाही असा ऊस उत्पादक विरळाच. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात पडून राहतो तितके त्याचे वजन व त्यातील साखर घटत जाते, आणि हा तोटा अखेर शेतकऱ्याच्याच पदरी येतो. म्हणून यंत्रे नीट कोण राखतो, हा प्रश्न केवळ कारखान्याच्या चालकांचा नसून आपलाही आहे.

हे काम करणाऱ्यास इंग्रजीत मिलराइट म्हणतात. आपण त्यास यंत्रजोडारी म्हणू. चौथऱ्यावर यंत्र बसवून पाणसळीने त्याची पातळी साधणे, मोटर, गिअरपेटी व लाटा यांच्या दांड्या एका रेषेत जुळविणे, बेअरिंगे बदलणे, वंगणाची व्यवस्था राखणे आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणे, ही त्याची कामे होत. दांड्या केसभर तिरप्या जुळल्या तरी बेअरिंगावर भार येऊन ते अकाली झिजते. चरकाच्या लाटांतील अंतर चुकले की चिपाडात रस राहतो, हे ज्याने गुऱ्हाळात पाहिले आहे त्यास या अचूकपणाची किंमत निराळी सांगावयास नको.

ही विद्या मिळते कोठे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी हा अभ्यासक्रम दहावीनंतर २ वर्षांचा आहे. तेथे कानस, करवत, मोजमाप व नकाशावाचन शिकविले जाते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करता येते. परंतु प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कारागीर तयार झाला, असे समजणे चूक होय. गळीत हंगाम संपल्यावर सर्व यंत्रे उघडली जातात, लाटा बाहेर काढल्या जातात, झिजलेला भाग हाती घेऊन पाहता येतो. असे दोन-तीन पावसाळे जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी काढले म्हणजेच हात तयार होतो.

खेदाची गोष्ट ही, की नेमक्या याच काळात कित्येक ठिकाणी उमेदवारास झाडलोट व ओझी वाहणे एवढेच काम मिळते. आणि आपली जागा जाईल या भीतीने वृद्ध मिस्त्रीही हातचे राखून शिकवितो. हा दोष मिस्त्रीचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. शिकविण्याबद्दल त्यास वेगळा मोबदला द्यावा, आणि प्रत्येक उमेदवाराने कोणते यंत्र स्वहस्ते उघडून जोडले याची नोंदवही ठेवावी.

कोणी म्हणतील, शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईस निघून जाईल. मग संस्थेने खर्च का करावा? काही जातील, हे खरे. परंतु जिनिंग, तेलघाणी, डाळमिल, दूधसंघ या साऱ्यांस हाच कारागीर लागतो. योग्य वेतन व मान मिळाल्यास गावाकडे राहणारेही पुष्कळ निघतील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तो आसपासच्या खेड्यांतील माणसांसही हाताशी धरून. कारागीर शहरांतूनच आणावा लागतो असे नाही, हाच त्याचा बोध.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक सहकारी संस्थेने दरवर्षी सभासदांच्या निदान दोन मुलामुलींची फी व हत्यारे यांचा भार उचलावा. बंधूंनो, काळे झालेले हात कमीपणाचे मानू नका. मातीने मळलेले हात आपणास जितके प्रिय, तितकेच तेलाने मळलेलेही असावेत.